प्रौढांच्या ख्रिस्ती अभ्यासगटाने काय वाचावे?

मंडळीत नवा अभ्यासगट सुरू होतो तेव्हा पहिल्याच बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: पुस्तक कोणते घ्यायचे? बहुतेक वेळा त्याचे उत्तर घाईने दिले जाते. पाळकांच्या कपाटात जे असते ते घेतात, कुणीतरी सुचवलेली इंग्रजीवरून भाषांतरित केलेली पुस्तिका मागवतात, किंवा गेल्या वर्षीचेच पुस्तक पुढे चालू ठेवतात. मग काही आठवड्यांनी गट रोडावतो आणि दोष वाचणाऱ्यांच्या आळसाला दिला जातो. दोष पुष्कळदा निवडीत असतो. चाळीस-पन्नाशीची माणसे संसार, नोकरी, आजारपण, कर्ज, मुलांची लग्ने आणि आईवडिलांचे मरण पाहून बैठकीला येतात. त्यांच्यापुढे संडे स्कूलच्या वहीतले प्रश्न ठेवले तर ती संकोचाने उत्तरे देतात आणि मनातले मनातच ठेवतात. या लेखाचे म्हणणे सरळ आहे. प्रौढ गटासाठी पुस्तक निवडताना ते किती उत्तरे देते हे पाहण्याआधी ते कोणते प्रश्न जागे करते हे पाहावे. हा कस प्रामाणिकपणे लावला, तर मराठी ख्रिस्ती वाचकांनी आज अडगळीत टाकलेली आपली स्वतःची पुस्तके यादीत बरीच वर येतात.

एकत्र बसून वाचण्याची ही रीत नवी नाही. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकायला स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, आणि लेवी लोक वाचलेल्याचा अर्थ उलगडून सांगत आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची वाखाणणी होते, कारण खुद्द पौलाचे बोलणेही त्यांनी रोज शास्त्रात शोधून पडताळले. पुढे सतराव्या शतकात जर्मनीत फिलिप याकोब श्पेनर यांनी १६७०मध्ये फ्रँकफर्टला घरी छोट्या बैठका सुरू केल्या. त्या बैठकांत आरंभी भक्तिपर पुस्तके वाचली जात, नंतर बायबलमधील पुस्तके थेट वाचली जाऊ लागली. १७४२मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांचे वर्ग सुरू झाले. सुमारे बारा जणांचा एक वर्ग, आणि त्यात प्रत्येकाने आपल्या आठवड्याच्या जगण्याबद्दल बोलायचे. या साऱ्या उदाहरणांत एक सूत्र दिसते. पुस्तक मध्यभागी असते, पण वाचणारा नुसता ऐकणारा राहत नाही. तो पडताळतो, विचारतो, आपले जगणे त्या पानांशेजारी ठेवतो. जे पुस्तक याला वाव देत नाही ते कितीही उत्तम असले तरी एकट्याने वाचण्याचे पुस्तक आहे, गटाचे नव्हे.

यातूनच निवडीच्या कसोट्या निघतात. पहिली कसोटी अशी की पुस्तकाने वाचणाऱ्याला पवित्र शास्त्राकडे परत न्यावे. पुस्तक संपले आणि मूळ शास्त्रपाठ उघडावासाच वाटला नाही, तर त्या पुस्तकाने शास्त्राची जागा बळकावली असे समजावे. दुसरी कसोटी प्रौढपणाची. वाचणाऱ्यांचा अनुभव चर्चेत कामी यावा. प्रार्थना ऐकली न गेल्याचे दुःख, देवळात दिसणारी विषमता, घरातल्या दुसऱ्या धर्माच्या माणसांशी असलेले प्रेमाचे आणि ताणाचे नाते, यांना पुस्तकात जागा हवी. तिसरी कसोटी मतभेदाची. एकाच पानावर दोन विचारी माणसे वेगळे बोलू शकतील एवढा ऐवज त्या पानात असावा. चौथी कसोटी भाषेची आणि आवाक्याची आहे. जे बैठकीत मोठ्याने वाचता येते, ऐकून समजते आणि आठवडाभरात कामधंदा सांभाळून पुरे होते, तेच गटाला पेलते. या चार कसोट्यांत लेखकाची कीर्ती नाही, खपाचा आकडा नाही आणि पुस्तक कोणत्या पंथाच्या छापखान्यातून आले हेही नाही. ते नंतर पाहायचे.

पहिली निवड अर्थातच बायबलमधील पुस्तकांची. पण 'बायबल वाचू या' हा ठराव पुरेसा नसतो. प्रोटेस्टंट परंपरेत सहासष्ट आणि कॅथोलिक परंपरेत त्र्याहत्तर पुस्तकांचा हा संग्रह उत्पत्तीपासून ओळीने वाचायला घेणारे गट लेवीयपर्यंत दमतात. नव्या गटाने रूथपासून सुरुवात करावी. चार अध्यायांत दुष्काळ, स्थलांतर, वैधव्य, परक्या समाजातील सून आणि शेतावरची मजुरी एवढे सगळे येते, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातील स्त्रीला त्यावर बोलता येते. त्यानंतर योना घ्यावा. शत्रूवरही देवाची दया होते याचा राग धरणारा संदेष्टा प्रौढांना चांगला ओळखता येतो. नव्या करारातून मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे, कारण चारांत ते सर्वांत लहान आणि वेगवान आहे. त्यातले शिष्य वारंवार चुकतात, त्यामुळे वाचणाऱ्यालाही 'मला समजले नाही' असे म्हणण्याची मुभा मिळते. फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम एका पानाचे आहे, पण अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या मालकाने भाऊ म्हणून स्वीकारावे ही मागणी एका संध्याकाळीत संपत नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय श्रीमंताला पुढची आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीबद्दल आहे. तो वाचल्यावर जातीबद्दल न बोलणे कठीण आहे.

बायबल वाचताना आपल्याकडे एक सोय आहे, ती आपण फारच कमी वापरतो. मराठीत एकाच शास्त्राची अनेक भाषांतरे आहेत. विल्यम कॅरी यांच्या सेरामपूर छापखान्याने १८११मध्ये नवा करार मोडी लिपीत छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६मध्ये आला. पुढे बायबल सोसायटीची सुधारित आवृत्ती मंडळ्यांत रुळली. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये साध्यासुध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२मध्ये त्यांचे निधन झाले, १९२४मध्ये ते प्रसिद्ध झाले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' टीपांसह आले आणि ख्रिस्ती समाजाबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, यावरून त्यांच्या मराठीची पोच ध्यानात यावी. गटात दोघांच्या हातात दोन वेगळी भाषांतरे असली की एकाच वचनाचे दोन पाठ ऐकू येतात आणि चर्चा आपोआप सुरू होते. वेगळे प्रश्नपत्रक लागत नाही. कॅथोलिक वाचकांनाही यात बिचकण्याचे कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना शास्त्र सहज हाती यावे, इतकेच नव्हे तर योग्य परवानगीने इतर मंडळ्यांसह मिळून केलेली भाषांतरेही वापरता यावीत, असे स्पष्ट म्हटले आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. शास्त्र एवढे समृद्ध आहे तर दुसरे पुस्तक हवेच कशाला? माणसांनी लिहिलेली पुस्तके वाचण्यात वेळ घालवणे म्हणजे झरा सोडून पाणी विकत घेणे नव्हे काय? या आक्षेपामागची निष्ठा आदर करण्याजोगी आहे आणि गटाचा निम्म्याहून अधिक वेळ थेट शास्त्राला मिळावा हे त्यातून मान्यच करावे लागते. पण शास्त्र स्वतःच वाचणाऱ्याला एकटे सोडत नाही. यशयाचे पुस्तक वाचणारा कूशी अधिकारी फिलिप्पाला सांगतो की कुणी वाट दाखवल्याशिवाय मला समजणार कसे, आणि फिलिप्प त्याच्या रथात चढून बसतो. चांगले पुस्तक असेच शेजारी येऊन बसते. शिवाय 'फक्त बायबल' म्हणणारा गटही कुठले ना कुठले भाष्य कानात घेऊनच बसलेला असतो: लहानपणी ऐकलेले उपदेश, यूट्यूबवरची प्रवचने, मोबाईलवर फिरणारे संदेश. ते भाष्य न तपासलेले असते एवढाच फरक. ज्याचे नाव माहीत आहे, ज्याचा काळ माहीत आहे आणि ज्याच्याशी वाद घालता येतो असा लेखक समोर असणे त्यापेक्षा केव्हाही सुरक्षित आहे.

दुसरा प्रकार तयार अभ्यासपुस्तिकांचा. धडा, वचने, रिकाम्या जागा, शेवटी प्रार्थना अशी त्यांची ठरलेली रचना असते. त्यांचा उपयोग नाकारता येत नाही. नवख्या गटचालकाला त्या आधार देतात, वेळेचे बंधन पाळायला लावतात आणि मोठ्या पुस्तकाची धास्ती असणाऱ्यांना सोबत घेतात. दोन-तीन महिन्यांसाठी त्या चांगल्या. मात्र त्यातील बहुतेक पुस्तिका दुसऱ्या देशातील जीवनाला धरून लिहिलेल्या असतात. त्यात पैशाचा धडा येतो, पण हुंडा आणि सावकार येत नाही. कुटुंबाचा धडा येतो, पण ज्या घरात अर्धी माणसे ख्रिस्ती आणि अर्धी वारकरी आहेत त्या घराचा विचार येत नाही. मंडळीतील ऐक्याचा धडा येतो, पण जात येत नाही. त्याहून मोठी उणीव रचनेतच आहे. रिकाम्या जागेत कोणता शब्द भरायचा हे आधीच ठरलेले असते. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेले आहे त्या प्रश्नावर पन्नाशीचा माणूस मन उघडत नाही. म्हणून अशा पुस्तिका वर्षभराचा मुख्य आहार होऊ नयेत.

आता आपल्या स्वतःच्या पुस्तकांकडे वळू. मराठी ख्रिस्ती गद्यात आत्मकथनाची परंपरा मोठी आहे आणि प्रौढ गटाला आत्मकथनासारखा दुसरा उपयोगी प्रकार नाही, कारण त्यात सिद्धान्त जगण्यातून तावून सुलाखून येतो. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' १८८८चे. बेळगावात वाढलेल्या एका तरुणाच्या मनात श्रद्धेची उलथापालथ कशी होत गेली, घरच्यांचे प्रेम आणि सत्याची ओढ यांत त्याची कशी ओढाताण झाली, हे त्यात येते. त्यांचीच 'यमुनापर्यटन' ही १८५७ची कादंबरी मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. हिंदू विधवांच्या स्थितीचा तिच्यातला प्रश्न आजच्या गटातही स्त्रियांच्या जगण्याकडे वळवता येतो. पण या प्रकारात सर्वांत वर ठेवावे असे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३०च्या दशकात चार भागांत आलेल्या या पुस्तकाला मराठी साहित्याने केव्हाच डोक्यावर घेतले आहे. अभ्यासगटांनी मात्र ते क्वचितच अभ्यासाला घेतले. त्यांच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९००मध्ये घेतला. मधल्या पाच वर्षांत विरह आहे, राग आहे, सोवळे-ओवळे आहे, आणि कुणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने बदलत गेलेले एक मन आहे. एका घरात एकाची श्रद्धा बदलली आणि दुसऱ्याची बदलली नाही तर प्रेमाने कसे वागावे, यावर आपल्या भाषेत याहून प्रामाणिक पुस्तक मिळणे अवघड. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय याच्या शेजारी ठेवून वाचला, तर दोन्ही पाने उजळतात.

पंडिता रमाबाईंबद्दल आपण आदराने बोलतो आणि त्यांना वाचायचे टाळतो. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरची त्यांची पत्रे म्हणजे एका बुद्धिमान नव्या विश्वासणारीने आपल्याच धर्ममातेशी घातलेला वाद आहे. या धर्ममाता, सिस्टर जेराल्डीन, आज्ञाधारकपणाची अपेक्षा करतात आणि रमाबाई सांगतात की देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्याच्या हवाली करणार नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, मंडळीचा अधिकार, परदेशी रीतिरिवाजांची सक्ती, अशा कितीतरी गोष्टींवर त्या अडून बसतात. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीतून प्रसिद्ध केला. त्यातली निवडक पत्रे गटचालकाने मराठीत सांगून चर्चेला घ्यावीत. काहींना भीती वाटेल की अशा वाचनाने श्रद्धा डळमळेल. रमाबाईंचे पुढचे आयुष्य हेच त्याला उत्तर आहे. ज्या बाईने एवढे प्रश्न विचारले तिनेच दुष्काळातल्या अनाथ मुली-स्त्रियांसाठी केडगाव उभे केले आणि अखेरपर्यंत बायबलच्या भाषांतरावर काम केले. प्रश्नांनी तिचा विश्वास खचला नाही, तो तिचा स्वतःचा झाला.

कवितेला अभ्यासगटात बहुधा आरंभीच्या गीतापुरती जागा मिळते. हे नुकसान आहे. आपल्या भाषेतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथच काव्य आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन पुराणे मिळून त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या. त्याची मांडणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. साष्टीतले नवे ख्रिस्ती जमलेले आहेत, आपल्याला ऐकायला पुराण हवे असे ते म्हणतात, मधेमधे शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ स्वतःच एका अभ्यासगटाच्या रूपात रचलेला आहे. शां. पां. बंडेलू यांनी १९५६मध्ये तो देवनागरीत आणला, पुढे २००९मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती आली. सगळे पुराण वाचणे कोणत्याच गटाला झेपणार नाही. पण ख्रिस्तजन्माच्या किंवा दुःखसहनाच्या प्रसंगातील पन्नास-साठ ओव्या शुभवर्तमानातील त्याच प्रसंगाशेजारी मोठ्याने वाचल्या, तर लेखकाने काय वाढवले, काय गाळले आणि का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. रेव्हरंड टिळकांची 'अभंगांजली' तर आवाक्यातली आहे. तिच्यात संतांचा अभंग ख्रिस्ताच्या पायाशी बसला आहे. 'ख्रिस्तायन' टिळकांनी आरंभले, त्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि शेवट त्यांचे पुत्र देवदत्त टिळकांनी केला. एका कुटुंबाने मिळून पुरे केलेले हे काव्य गटाने मिळून वाचावे यात औचित्य आहे.

या यादीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही टाळण्यासारखे नाहीत. एक असा की ही भाषा जुनी आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील लेखनात इतर धर्मांविषयी जो खंडनाचा सूर आहे तो आज शेजाऱ्यांबरोबर प्रेमाने राहू पाहणाऱ्या माणसाला खटकतो. हे खरे आहे. म्हणूनच ही पुस्तके अखंड वाचण्यापेक्षा निवडून वाचावीत. जिथे खंडनाचा कडवटपणा आहे तिथे तो झाकू नये. त्या काळी असे का लिहिले गेले आणि आज आपण तसे लिहावे का, हाच चर्चेचा विषय करावा. आपल्या पूर्वजांचे चुकलेले ओळखणे हेही प्रौढपणाचे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पदमनजी, टिळक, रमाबाई हे सगळे उच्चवर्णीय पार्श्वभूमीचे लेखक आहेत. महाराष्ट्रातील मंडळ्यांत मात्र ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले अशांची संख्या मोठी आहे. अहमदनगर भागात १८७६-७८च्या दुष्काळानंतर महार-मांग समाजातील अनेक कुटुंबे मंडळीत आली. त्यांची कथा या कपाटात कुठे आहे? ती पुरेशी नाही, हे मान्य करावेच लागते. १९८१मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी ज्या व्याख्यानाने दलित ईश्वरविज्ञानाची वाट उघडली ते प्रत्येक गटाने समजून घ्यायला हवे. यशयातील दुःख सोसणारा सेवक आणि दलिताचे दुःख यांची सांगड या विचारधारेत घातली आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, ही वस्तुस्थिती याकोबाच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर वाचली जावी. आणि जिथे छापील पुस्तक नाही तिथे मंडळीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांच्या आजी-आजोबांच्या विश्वासाची कथा लिहून घेणे, हेच गटाने एका वर्षाचे काम करावे. पुस्तक निवडता निवडता एखादा गट पुस्तक तयारही करू शकतो.

आपले कपाट आधी, याचा अर्थ आपलेच कपाट असा होत नाही. ख्रिस्ती मंडळी जगभर पसरलेली आहे आणि तिचा वारसाही. १८४१मध्ये हरि केशवजी यांनी बनियनच्या यात्रेकरूची कथा 'यात्रिक्रमण' म्हणून मराठीत आणली तेव्हापासून आपण बाहेरचे उत्तम ते आपलेसे करत आलो आहोत. ऑगस्टिनच्या 'कन्फेशन्स'मधील पहिली नऊ प्रकरणे मोठ्या गटालाही पेलतात, कारण त्यांत आई आहे, मित्राचा मृत्यू आहे, तरुणपणाची लाज आहे. सी. एस. लुईस यांचे 'मिअर ख्रिश्चॅनिटी' हे दुसऱ्या महायुद्धात रेडिओवर दिलेल्या भाषणांतून झालेले पुस्तक. त्यातील मूळ श्रद्धेविषयीचा भाग लुईस यांनी चार वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंना आधी वाचायला दिला होता. त्यामुळे ज्या गटात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथोलिक असे सगळे बसतात तिथे ते सहज चालते. मात्र त्याची युक्तिवादाची पद्धत सगळ्यांना रुचतेच असे नाही. दीट्रिख बॉनहोफर यांचे १९३९चे 'लाइफ टुगेदर' नाझी राजवटीत चालवलेल्या पाळकांच्या शाळेतील सामाईक जीवनातून आले आहे आणि आकाराने लहान आहे. गट म्हणजे काय, एकमेकांचे ऐकावे कसे, हे शिकवणारे त्याच्यासारखे पुस्तक विरळा. आपल्याच देशातील साधू सुंदर सिंग यांच्या छोट्या उर्दू लेखनालाही या रांगेत जागा द्यावी. दृष्टान्तांतून बोलण्याची त्यांची रीत आपल्या कानाला परकी वाटत नाही. ही पुस्तके दुसऱ्या वर्षी घ्यावीत. तोवर गटाला आपल्या भाषेत वाद घालण्याची सवय झालेली असते आणि मग परकी मांडणी तो डोळे झाकून स्वीकारत नाही.

आणखी एक हरकत पाळकांच्या आणि धर्मगुरूंच्या बाजूने येते. लोकांच्या हाती काहीही दिले तर खोटी शिकवण शिरेल, गट मंडळीपासून फुटेल. इतिहासात या भीतीला आधार आहे. श्पेनर यांच्या फ्रँकफर्टच्या बैठकांतील काही जण खरोखरच पुढे मंडळीपासून वेगळे झाले. पण त्यावरून बैठकाच घेऊ नयेत असा निष्कर्ष श्पेनर यांनी काढला नाही. सामान्य विश्वासणाऱ्याला शास्त्र समजून घेण्याचा अधिकार आहे हे म्हणणे त्यांनी सोडले नाही. आज तर माणसाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये समृद्धीचे आमिष दाखवणाऱ्या प्रवचनांपासून सगळे काही येऊन पोहोचते, कुणाची परवानगी न घेता. अशा वेळी पाळकाने पुस्तकांवर बंदी घालण्यापेक्षा गटात येऊन बसावे, निवडीत भाग घ्यावा, शंका उघडपणे ऐकाव्यात, हेच रक्षणाचे खरे साधन आहे. जी शिकवण चर्चेत टिकते तीच संकटात टिकते.

निवड कागदावर उतरवायची तर एक क्रम सुचवता येतो. पहिल्या तिमाहीत रूथ आणि योना. दुसऱ्या तिमाहीत मार्ककृत शुभवर्तमान, दोन भाषांतरे शेजारी ठेवून. तिसऱ्या तिमाहीत 'स्मृतिचित्रे'तील निवडक भाग, करिंथकरांच्या पत्रासह. चौथ्या तिमाहीत याकोबाचे पत्र आणि त्याबरोबर जात, पैसा आणि मंडळी यांवरचे वाचन. दुसऱ्या वर्षी 'अभंगांजली' आणि स्तोत्रसंहिता, रमाबाईंची पत्रे, बॉनहोफर आणि शेवटी ईयोब. एका बैठकीला वीस-पंचवीस पानांहून अधिक वाचन देऊ नये. ज्यांना घरी वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी मुख्य उतारा बैठकीत मोठ्याने वाचावा. चष्मा विसरलेल्या किंवा फार न शिकलेल्या बाईलाही चर्चेत बरोबरीने उतरता यावे यासाठी हे आवश्यक आहे. प्रत्येकाने पुस्तक विकत घ्यावेच असा आग्रह नको. मंडळीने चार-पाच प्रती घेऊन फिरत्या ठेवाव्यात. जी पुस्तके बाजारात मिळत नाहीत त्यांच्यासाठी जुनी वाचनालये आणि मिशनची कपाटे धुंडाळावीत. चालक दर महिन्याला बदलावा, म्हणजे पुस्तक एकाच्या मालकीचे होत नाही. आणि दोन बैठकांनंतरही पुस्तक गटाला बोलते करत नसेल तर ते निःसंकोच बाजूला ठेवावे.

मराठीत ख्रिस्ती लेखनाला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. एवढा वारसा असलेल्या समाजाने परक्या पुस्तिकांतील रिकाम्या जागा भरत बसावे, यात त्या वारशाचेही नुकसान आहे आणि आपल्या विश्वासाचेही. प्रत्येक मंडळीतील पाळकांना, धर्मगुरूंना, महिला मंडळांना आणि तरुण संघांना एवढीच विनंती आहे: येत्या वर्षाच्या अभ्यासासाठी किमान एक पुस्तक आपल्या भाषेत आपल्या माणसाने लिहिलेले घ्या, ते शास्त्राशेजारी उघडा, आणि जमलेल्या प्रत्येकाला त्यावर प्रश्न विचारू द्या.